माळ्याखालची कैची: छपराच्या त्रिकोणाची गोष्ट

 

हल्ली घर बांधायचं ठरलं की मंडळी तालुक्याला जातात आणि संगणकावर नकाशा काढून घेतात. पडद्यावर भिंती उभ्या राहतात, घर गोल फिरतं, आतल्या खोल्या दिसतात. दुपाखी छप्पर हवं म्हटलं की दोन्ही पाखी आपोआप चढतात. माळा हवा म्हटलं की छपराखाली खोली तयार होते. आणखी एक कळ दाबली की त्या खोलीभोवती त्रिकोणांची रांग उभी राहते. त्या त्रिकोणांना आपल्याकडचे सुतार आणि वेल्डिंगवाले 'कैची' म्हणतात.

या सगळ्या बोलण्यात घरातल्या बाईला काय विचारतात? ओट्याची फरशी कोणती घ्यायची आणि देव्हारा कुठे ठेवायचा. छपराचं तिला कुणी विचारत नाही. पण पावसात गळणाऱ्या जागी पातेलं ठेवते ती. माळ्यावर बियाणं चढवते ती. रात्री पोरांना कुशीत घेऊन त्याच छपराखाली झोपतेही ती. म्हणून आज आम्ही कैचीची गोष्ट सांगणार आहोत. हा त्रिकोण आला कुठून, तो भार कसा पेलतो, तो संगणकात कसा गेला आणि संगणकाला त्यातलं काय कळतं, हे सगळं आज बघू.

आधी एक प्रयोग. घरात दोन सुपं असतीलच. ती एकमेकींना टेकवून उभी करा. सारवलेल्या जमिनीवर ती कशीबशी उभी राहतील. गुळगुळीत फरशीवर मात्र त्यांचे पाय बाहेर सरकतील आणि दोन्ही आडवी होतील. आता दोघींचे पाय खालून सुतळीनं बांधा आणि पुन्हा उभी करा. आता ती फरशीवरही उभी राहतात. वरून हातानं थोडं दाबलं तरी पडत नाहीत. सुतळी ताणली जाते आणि पाय पसरू देत नाही.

झाली कैची. दोन सुपं म्हणजे दोन बाजूंचे तिरपे वासे आणि सुतळी म्हणजे खालची आडवी तुळई. छपराचा भार वाशांवरून खाली येताना फक्त खाली येत नाही, तो बाहेरही ढकलतो. भिंतीला तो बाहेर लोटू पाहतो. खालची तुळई दोन्ही पाय धरून ठेवते, म्हणून भिंतीवर फक्त सरळ खाली भार येतो. आता तीच सुतळी सुपांच्या पायाशी न बांधता अर्ध्या उंचीवर बांधून पाहा. पाय पुन्हा सरकू बघतील. गाठ जितकी वर, तितका पायांना पसरायला वाव. हे ध्यानात ठेवा, पुढे माळ्याच्या वेळी कामाला येईल.

इतकी साधी युक्ती, पण ती माणसाला लगेच सुचली नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात मळवलीजवळ भाजे आणि कार्ले इथली लेणी आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी एकवीरा आईच्या दर्शनाला जातात, त्या देवळाच्या शेजारीच कार्ल्याचं मोठं चैत्यगृह आहे. आत जाऊन वर बघा. डोंगर पोखरून केलेल्या त्या कमानदार छताला लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या बसवलेल्या दिसतात. सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचं हे लाकूड आजही तिथे आहे. खरं तर डोंगराच्या कातळाला लाकडाच्या आधाराची काय गरज? काहीच नाही. पण त्या काळी सभागृहं लाकडाची असत, त्यांच्या छताला अशाच फासळ्या असत. कारागिरांनी दगडातही तेच रूप आणलं. ती मूळ लाकडी घरं कुजून, जळून गेली. त्यांची आठवण दगडानं जपली. या लेण्यांच्या खर्चाला दान देणाऱ्यांची नावं तिथे कोरलेली आहेत, आणि त्यांत स्त्रियांचीही नावं आहेत. म्हणजे डोक्यावरचं छत कसं असावं यासाठी बायकांनी पैसा मोजल्याची नोंद आपल्याच डोंगरात आहे.

पण कार्ल्याच्या फासळ्या ही कमान आहे, कैची नव्हे. खाली पाय बांधणारी तुळई तिच्यात नाही. पाय बांधलेली जुनी कैची पाहायची तर दूर जावं लागतं. इजिप्तमध्ये सिनाई डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे. त्याच्या प्रार्थनागृहावर सहाव्या शतकातल्या लाकडी कैच्या अजून उभ्या आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या टिकलेल्या कैच्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यांचा काळ कसा कळला, हे ऐकण्यासारखं आहे. तुळयांवर लेख कोरलेले आहेत. त्यांत सम्राट जस्टिनियनचा उल्लेख जिवंत म्हणून येतो आणि सम्राज्ञी थिओडोराचा दिवंगत म्हणून. थिओडोरा ५४८ साली वारली आणि जस्टिनियन ५६५ साली. म्हणजे त्या तुळया या दोन सालांच्या मधल्या. एका बाईच्या नावामुळे छपराचं वय ठरलं!

पुढे युरोपात मोठमोठी चर्च आणि सभागृहं उभी राहिली. तिथे बर्फ पडतो. तो छपरावर साचू नये म्हणून पाखी खूप उभी करावी लागत. छप्पर जितकं उभं, तितकी आतली पोकळी मोठी आणि तितकं लाकूड जास्त. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या छपरात इतकं ओकचं लाकूड होतं की लोक त्याला 'जंगल' म्हणत.

मग सुतारांनी कैचीची दोन रूपं पक्की केली. पहिल्या रूपात मध्ये एकच उभा दांडा असतो. बघणाऱ्याला वाटतं, हा खांब आढ्याला खालून आधार देतो. खरी गोष्ट उलटी आहे. तो वरून लोंबतो आणि खालच्या लांब तुळईला मध्यावर उचलून धरतो, म्हणजे ती तुळई झोळीसारखी खाली वाकत नाही. इंग्रजीत या कैचीला 'किंग पोस्ट', म्हणजे राजाचा खांब म्हणतात. साधारण ५ ते ८ मीटर रुंदीच्या इमारतीला ही चालते. दुसऱ्या रूपात दोन उभे दांडे असतात आणि त्यांच्या माथ्यांना जोडणारा एक आडवा दांडा. हिचं नाव 'क्वीन पोस्ट', राणीचा खांब. ही ८ ते १२ मीटरपर्यंत जाते. आणि गंमत अशी की राजाच्या कैचीत खांब बरोबर मध्ये येतो, त्यामुळे छपराखाली फिरायला जागा नाही. राणीच्या कैचीत दोन खांबांच्या मधे मोकळी चौकट राहते. तिथे माणूस उभा राहू शकतो. माळ्याची खोली खरी जन्मली ती या राणीच्या चौकटीत.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या जुन्या घरांत अशी कैची क्वचित असायची. कोकणातल्या घरात भक्कम खांब, त्यांवर तुळया, तुळईवर उभा ठोकळा, त्यावर आढं आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे. भार सरळ खांबांवरून जमिनीत. वर गवत किंवा नळीची कौलं. दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारायचं. देशावर आणि मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून तिथे सपाट धाबं, माळवद.

आणि दुपाखी घरात पाख्यांखाली माळा. तो माळा म्हणजे बाईचं कोठार. बियाण्याची कणसं, कांदे, लसूण, वाळवणं, सुकी मासळी, पावसाळ्यासाठीची लाकडं, बाळंतिणीची बाज, लग्नातली मोठी भांडी. खालच्या चुलीचा धूर वर चढायचा, त्यामुळे बियाण्याला कीड कमी लागायची आणि वाशांना वाळवीही. त्या धुरात वाकून चढायची आणि वाकून उतरायची बाईच. माळ्याची उंची किती असावी, जिना कुठून असावा, वारा खेळायला झरोका कुठे हवा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण घर बांधताना दोरी सुताराच्या हातात आणि हुकूम घरातल्या कर्त्याचा.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. एक, इंग्रज अभियंत्यांनी रेल्वे स्थानकं, कचेऱ्या, शाळा बांधल्या आणि त्यांवर राजाच्या खांबाच्या कैच्या चढवल्या. जुन्या कौलारू शाळेत शिकला असाल तर वर बघताना तो त्रिकोण नक्की दिसला असेल. दुसरी गोष्ट मंगळूरहून आली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली तिथे कौलांचा कारखाना सुरू केला. ही चपटी, एकमेकींत अडकणारी कौलं जहाजांतून किनाऱ्याकिनाऱ्यानं सगळीकडे गेली. आपण अजूनही त्यांना मंगळुरी कौलं म्हणतो. सगळी कौलं एका मापाची, म्हणून खालच्या रिपाही एका मापानं ठोकाव्या लागल्या आणि कैच्याही सारख्या कराव्या लागल्या. सुताराच्या अंदाजाची जागा मापानं घ्यायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला मापाच्या मागे हिशेबही आला. इतकी शतकं सुतार कैची करत होते ती अनुभवावर. पडली तर पुढची जाड करायची. कुठल्या दांड्यावर नेमका किती भार येतो, हे कागदावर कुणालाच काढता येत नव्हतं. अमेरिकेत स्क्वायर व्हिपल या पूल बांधणाऱ्या माणसानं १८४७ साली पुस्तक छापून हा हिशेब मांडला. १८६४ साली स्कॉटलंडच्या मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं, १८६६ साली झुरिचच्या कुलमान या प्राध्यापकानं आणि १८७२ साली इटलीच्या क्रेमोनानं पट्टी-पेन्सिलीनं रेषा आखून दांड्यांतला जोर मोजायच्या रीती लिहिल्या. रेषा जितकी लांब, तितका जोर जास्त. कुठला दांडा दाबला जातो आणि कुठला ओढला जातो, हेही त्या चित्रावरून कळू लागलं.

आता माळ्याची अडचण नीट समजून घेऊ, कारण आजच्या गोष्टीचा गाभा इथेच आहे. कौलारू घर आहे, वर कैची आहे आणि घरच्यांना माळ्याची खोली हवी. वर चढलं तर खालची तुळई गुडघ्याला लागते, मधला खांब वाटेत येतो. मग कुणीतरी म्हणतं, हा दांडा कापू या, इतका जाड वासा वर आहे की! आठवा ती सुपं. तो दांडा म्हणजे सुतळी. ती कापली की छप्पर त्याच दिवशी पडेल असं नाही. वर्षभर काही होणार नाही, दोन वर्षं काही होणार नाही. हळूहळू भिंत बाहेर कलते, वरच्या कोपऱ्यात तडा जातो, आढं मध्यावर बसतं, कौलांच्या रांगा वाकड्या दिसतात आणि पाणी गळायला लागतं. मग आपण कौलं बदलत बसतो, आणि दुखणं तुळईचं असतं.

माळा हवाच असेल तर कैची पहिल्यापासून माळ्याची करावी लागते. तिच्यात दोन उभे दांडे माळ्याच्या भिंती होतात, वरचा आडवा दांडा माळ्याचं छत होतो आणि खालची तुळई जमीन होते. म्हणजे खालच्या तुळईवर दोन कामं येतात. पाय पसरू द्यायचे नाहीत, हे एक. वरची पोती, पेट्या आणि माणसं पेलायची, हे दुसरं. ५० किलोची २० पोती चढवली तर १ टन झाला. म्हणून माळ्याच्या कैचीची खालची तुळई साध्या कैचीपेक्षा जाड लागते. माळा फुकट मिळत नाही, मैत्रिणींनो. त्याची किंमत खालच्या तुळईत मोजावी लागते.

आता कैची संगणकात कशी गेली ते ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची फार मोठी मागणी आली. १९५२ साली फ्लोरिडामध्ये कॅरल सॅनफर्ड यांनी दातेरी पत्र्याची एक पट्टी काढली. दोन लाकडं जिथे मिळतात तिथे ती दाबून बसवायची. तीनेक वर्षांनी तिथल्याच जुरेट यांनी त्यात सुधारणा केली. जाड लाकडाला खाच पाडणारा सुतार आता लागेना. बारीक लाकडाच्या कैच्या कारखान्यात तयार होऊन गाडीतून येऊ लागल्या. तिकडे अशा हलक्या कैच्या बहुधा दर दोन फुटांवर उभ्या करतात. आपल्याकडे जड कैची आठ-दहा फुटांवर एक, आणि मधे आडवे दांडे. हा फरक लक्षात ठेवा.

१९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम आपल्या प्रबंधात मांडला. प्रकाशाच्या पेनानं पडद्यावर रेघ ओढता यायची. माणसानं संगणकावर काढलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी हे. आणि त्या प्रबंधात कशाकशाची चित्रं होती? त्यांत पुलाची कैचीही होती! भार कुठे ठेवला की कुठल्या दांड्यावर किती जोर येतो, त्याचे आकडे पडद्यावर उमटायचे. पुढे १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि आखणीच्या कचेऱ्यांत टेबलावरचे मोठे कागद कमी होऊ लागले. २००० साली स्केचअप आलं, जे शिकायला सोपं होतं. मग घराचे नकाशे काढणारे किती तरी प्रोग्राम आले, काही तर फुकट मिळतात.

या प्रोग्रामांनी एक मोठं काम केलं. नकाशा वाचता येत नाही म्हणून बाई आजवर मागे उभी राहायची. कागदावरच्या रेघा तिला परक्या वाटायच्या. आता पडद्यावर घर घरासारखं दिसतं. या जिन्यावरून डोक्यावर पाटी घेऊन चढता येईल का, हे ती बघूनच सांगू शकते. जे ज्ञान फक्त तिच्या अंगात होतं, ते सांगायला तिला चित्र मिळालं.

पण आता सावधपणाची गोष्ट. पडद्यावर कैची दिसली म्हणजे तिचा हिशेब झाला, असं नाही. सदरलँडच्या प्रोग्रामात आकडे होते. घर सजवण्याच्या साध्या प्रोग्रामात बहुधा फक्त चित्र असतं. त्याला भिंतींची रुंदी कळते, पाख्याचा उतार कळतो, आणि त्यात बसेल असा त्रिकोण तो काढून देतो. तुमचं लाकूड सागाचं आहे की आंब्याचं, पाइप किती जाडीचा आहे, माळ्यावर गादी ठेवणार की ज्वारी, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय परदेशात तयार झालेला प्रोग्राम तिथल्या रीतीनं चालतो. दर दोन फुटांवर कैची आणि डोक्यावर बर्फाचा विचार. आपल्या डोक्यावर बर्फ नाही, आपल्या डोक्यावर आषाढ आहे आणि किनाऱ्याला चक्रीवादळ आहे.

छपराच्या वजनाचा हिशेब चुकला की काय होतं, हे महाराष्ट्रानं दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं पाहिलं.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसं गेली. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. हिशेब करून बघा. १० फूट लांब, १० फूट रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे साधारण चार ते साडेचार टन. ५० किलोची ८० ते ९० पोती. कितीतरी घरांवर थर एक फुटापेक्षा जाड होता, कारण दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडत गेली. ज्या घरांत माळवद भिंतींवर न ठेवता लाकडी खांबांवर तोललेलं होतं, अशा अनेक ठिकाणी भिंती पडूनही वरचं छत उभं राहिलं. जीव वाचला तो खांबांमुळे.

त्यानंतरची गोष्ट तर बायकांची आहे. घरदुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम गावोगाव न्यायचा होता. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं की अनुदान किती, भिंतीच्या कोपऱ्याला बांध कसा घालायचा, छपराचं वजन का कमी करायचं. ज्यांना पूर्वी ग्रामसभेत बसायलाही मिळत नव्हतं, त्या बांधकामाच्या मापाबद्दल बोलायला लागल्या. अभियंत्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी आधी समजून घेतलं, मग विचारलं आणि मग दुसरीला सांगितलं.

मग छप्पर हलकं केलं की काम झालं? नाही. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि छपरं उडाली. पुन्हा त्याच १० बाय १० च्या खोलीचा हिशेब करू. मंगळुरी कौलं असतील तर साधारण १६० लागतात, वजन ४०० किलो, म्हणजे ८ पोती. पातळ पत्रा असेल तर जेमतेम ५० किलो, एकच पोतं. आणि त्या वेगाचा वारा छपराला वरून ओढतो तो दर चौरस मीटरला साधारण ५० किलोच्या जोरानं. म्हणजे त्या एवढ्याशा खोलीवर सुमारे ५०० किलोची ओढ. एका पोत्याला दहा पोत्यांनी वर खेचलं, तर ते राहणार कसं? पत्रा राहतो तो वजनावर नाही, बांधणीवर. पत्रा दांड्याला, दांडा कैचीला, कैची भिंतीतल्या गजाला आणि गज पायापर्यंत. साखळीतली एक कडी सुटली की सगळं सुटलं.

बघा, माळवद दाबून मारतं आणि सैल पत्रा उडून मारतो. चांगली कैची या दोन्हींच्या मधली वाट दाखवते. ती हलकी असते, पण घट्ट धरलेली असते. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, असं आपण म्हणतो. इथे क्रम उलटा आहे. वासे फिरले की घर फिरतं.

शेवटी पॅरिसच्या त्या 'जंगला'कडे जाऊ. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामला आग लागली आणि आठशे वर्षांचं ते छप्पर जळून खाली आलं. आता पूर्वीसारखं बांधायचं कसं? २०१० साली अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकानं त्या इमारतीची लेझरनं मोजणी करून ठेवली होती. २०१४ साली दोन वास्तुविशारदांनी छपरातला एकेक दांडा हातानं मोजून चित्रं काढली होती. हे सगळं संगणकात उतरलं. आणि मग सुतारांनी त्या मापांवरून ओकची झाडं हातातल्या कुऱ्हाडीनं तासून पूर्वीसारख्याच कैच्या केल्या. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. संगणकानं माप जपलं, लाकडाची जाण माणसाच्या हातात राहिली. दोघांनी आपापलं काम केलं.

आपल्याकडेही असंच व्हावं. १९३६ साली पेरीन मिस्त्री यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमधून वास्तुकलेचं शिक्षण पूर्ण केलं. देशातल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारदांमध्ये त्यांचं नाव घेतात. आज आपल्या गावातल्या मुली आयटीआयला जातात, पदविका करतात, संगणकावर नकाशे काढतात. अशी एखादी मुलगी तुमच्या गावात असेल तर तिला गटाच्या बैठकीला बोलवा. एक घर पडद्यावर उघडून दाखवायला सांगा.

आणि घराचा नकाशा बघताना मागे उभ्या राहू नका, खुर्ची ओढून बसा. हे पाच प्रश्न विचारा. एक, या कैचीचा भाराचा हिशेब कुणी केला, की हे फक्त चित्र आहे? तसं असेल तर अभियंत्याची सही कुठे घ्यायची? दोन, माळ्यावर मी इतकी पोती ठेवणार आहे, खालची तुळई तितकी जाड आहे का? तीन, दोन कैच्यांत अंतर किती, आणि ते आपल्या कौलांना किंवा पत्र्याला धरून आहे का? चार, वाऱ्यानं छप्पर वर ओढलं तर ते भिंतीला कशानं बांधलेलं आहे? मला तो नट-बोल्ट दाखवा. आणि पाच, उद्या कुणी एखादा दांडा कापायचा म्हटला, तर कुठला दांडा कधीच कापायचा नाही? त्याच्यावर खूण करून द्या.

ही खूण घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, सुनेला आणि मुलीलाही. कारण घर बांधणारा निघून जातो आणि नकाशा कुठेतरी हरवतो. दहा वर्षांनी तो दांडा कापायला कुणी करवत घेऊन चढला, तर खाली उभी राहून 'थांबा' म्हणणारी कुणीतरी घरात हवी.

पुढच्या बैठकीला येताना दोन सुपं आणि थोडी सुतळी घेऊन या. प्रयोग सगळ्यांसमोर करू. तुमच्या घराच्या माळ्याखाली कुठली कैची आहे, ती राजाची की राणीची, की नुसतेच वासे, हे आज घरी गेल्यावर मान वर करून बघा आणि आम्हांला कळवा. नमस्कार.